एकोणीस फुटी शिडी

"गणित चुकत नाही. चुकतो तो माणूस. म्हणून गणिताच्या शिक्षकाने वर्गात शिरताना आपल्यातला माणूस बाहेर, छत्र्यांच्या बादलीत ठेवून यायचा असतो!"

कोनसरांनी हे वाक्य एकतीस मुलांसमोर, उजवा हात छताकडे करून म्हटलं, आणि पूर्णविरामाच्या जागी त्यांची वरची कवळी खालच्या दातांवर 'टक्' करून आपटली.

मुलांना वाटलं, सरांनी जोर द्यायला जीभ वाजवली. पहिल्या बाकावरच्या दोघींनी तर वाक्य वहीत उतरवून घेतलं.

कोनसर हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव पगारपत्रकात पडून होतं. तीस वर्षं त्रिकोणमिती शिकवून त्यांना अशी खोड लागली होती की त्रिकोण असो, काटकोन असो की नुसता दृष्टिकोन, शब्दातल्या 'कोन'वर ते खिळा ठोकल्यासारखा घाव घालत. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या वरच्या दातांनी सामुदायिक राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी कवळी आली. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: सरांना, दातांच्या डॉक्टरला आणि बायकोला. शाळेत त्यांनी डोळे तपासायला रजा घेतली असं सांगितलं होतं, आणि ते खरं वाटावं म्हणून दोन दिवस उगाच चष्मा पुसत हिंडले होते.

कवळीचं सगळ्यांशी पटत होतं, फक्त 'त'शी वाकडं होतं. 'त' म्हणायला जीभ वरच्या दातांना टेकवावी लागते, आणि जीभ टेकली की कवळी जागा सोडून बाहेरचं जग बघायला निघे. म्हणून सर 'त'वरून ओल्या फरशीवरून जावं तसे हलक्या पावलाने जायला शिकले होते. बोलण्यात ते खपून जाई. समोरचा माणूस आपलं निम्मंच ऐकत असतो आणि उरलेलं पदरचं घालतो. आकड्याचं मात्र तसं नाही. आकडा एकटा उभा असतो, त्याला सांभाळून घ्यायला शेजारीपाजारी नसतात.

आणि सहामाही परीक्षेची प्रश्नपत्रिका सरांनी ऑफिसातल्या टायपिस्टबाईंना तोंडी सांगितली होती, कारण त्यांचं अक्षर बाईंना लागत नसे.

प्रश्न पाचवा शिडीचा होता. 'एकोणतीस फूट लांबीची शिडी भिंतीला टेकवली आहे. शिडीचा पाय भिंतीपासून वीस फुटांवर आहे. शिडीने जमिनीशी केलेल्या कोनाचा कोसाइन काढा व शिडी किती उंचीवर टेकते ते सांगा. गुण चार.' बावीस वर्षं हा प्रश्न सरांच्या पेपरात याच आकड्यांनी येत होता. वर्ग करा, वजा करा, वर्गमूळ काढा: बरोब्बर एकवीस फूट. ना अपूर्णांक, ना दशांश. सरांच्या उभ्या आयुष्यात इतकं स्वच्छ दुसरं काही सुटलेलं नव्हतं.

बाईंनी ऐकलं 'एकोणीस'. त्यांनी टाइप केलं १९. सरांनी कागद डोळ्यांखालून घातला, खाली 'तपासले, बरोबर आहे' असं लिहिलं आणि झोकदार सही केली. पाठ असलेला मजकूर डोळे वाचत नाहीत, ओळखीच्या माणसाला करावा तसा लांबूनच हात करून पुढे जातात.

मग पेपर तपासायला आले. अठ्ठावीस मुलांनी उत्तर लिहिलं होतं एकवीस फूट. त्यांनीही प्रश्न वाचला नव्हता. थोरल्या भावंडांच्या जुन्या पेपरांतून ही शिडी घरोघरी पोचली होती, आणि मुलांनी पेपरात कुठेच नसलेला एकोणतीस हा आकडा घेऊन त्याचा वर्गसुद्धा अचूक केला होता. सरांनी अठ्ठावीस जणांना चारपैकी चार दिले. दोघांनी प्रश्न सोडला होता.

आणि एका मुलीने लिहिलं होतं: 'शिडी एकोणीस फूट आहे आणि पाय वीस फुटांवर आहे. आडवी टाकली तरी ती भिंतीपासून एक फूट अलीकडेच राहील. कोसाइन एकाहून मोठा येतो, आणि तो तसा येत नसतो. अशा शिडीवर कुणी चढू नये.'

सरांनी तिला शून्य दिलं आणि लाल शाईने शेरा मारला: 'शिडीची काळजी तू करू नकोस. गणित कर.'

छत्र्यांच्या बादलीचं वाक्य झालं ते पेपर वाटायच्या दिवशी. वाक्यामुळे सरांना चांगलाच रंग चढला होता. त्यांनी तो पेपर हातात घेतला, तिचं उत्तर खणखणीत आवाजात वाचून दाखवलं आणि विचारलं, "ही शिडीमावशी कोण बरं आपल्यात?"

वर्ग खो खो हसला. मुलांना टोपणनाव मिळालं की ती पुस्तकापेक्षा जपून ठेवतात. त्या क्षणापासून ती मुलगी शिडीमावशी झाली.

ती उभी राहिली. तिसऱ्या बाकावरची, रंगाऱ्याची मुलगी. नखांच्या कडेला पांढऱ्या रंगाची बारीक रेघ राहिलेली.

"सर, पण पेपरात शिडी एकोणीस फूटच आहे."

"एकोणतीस."

"एकोणीस, सर. तुम्ही आत्ता पण एकोणीसच म्हणालात."

सरांनी पेपर नाकाशी नेला. चष्मा वर केला, खाली केला. आकडा काही बदलेना. एक, आणि त्याच्या शेजारी नऊ. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपला प्रश्न वाचला होता.

नेमक्या याच वेळी दाराशी मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. हसण्याचा आवाज ऐकून आल्या होत्या. गणिताच्या तासाला हसू ही त्यांच्या मते तातडीने बघण्यासारखी गोष्ट होती.

"काय चाललंय, सर?"

आता इथे माणसाने खरं बोलावं की नाही? बोलावं. सरांच्या तोंडाशी खरं आलंही होतं, पण बाहेर आलं ते दुसरंच.

"काही नाही, बाई. प्रश्नात मुद्दाम एक चूक घालून ठेवली होती. बघत होतो, कोण पकडतंय."

मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. "मुद्दाम चूक! म्हणजे मुलांनी आंधळेपणाने गणित न सोडवता आधी तपासायचं! अहो सर, हे तर फार भारी आहे. दर आठवड्याला करा. उजळणी अशीच घ्या आता."

"बघू की," सर म्हणाले.

"बघू काय? करायचंच." आणि बाई गेल्या.

मुलगी अजून उभीच होती. "सर, मग माझे चार मार्क?"

"बस खाली. मार्कांचं नंतर बघू."

ती बसली. त्यानंतर तीन आठवडे तिने गणिताच्या तासाला हात वर केला नाही.

सरांनी पहिलं काम केलं ते टायपिस्टबाईंना जाब विचारण्याचं.

"बाई, तुम्ही पेपरात एकोणीस टाइप केलंत."

"तुम्ही एकोणीस सांगितलंत."

"मी एकोणतीस सांगितलं."

"आत्ता काय म्हणालात?"

"एकोणतीस!" सरांच्या कानाला ते एकोणतीसच ऐकू आलं. स्वतःच्या तोंडचं माणसाला नेहमी पूर्ण ऐकू येतं.

"तेच तर मी टाइप केलं. एकोणीस," बाई म्हणाल्या. "सर, तुमच्यातला 'त' कुठं गेला? खाल्लात की काय?"

"मी 'त' वगैरे खात नाही!"

"मग कुणी खाल्ला? माझ्या डब्यात तर नाही," असं म्हणून बाईंनी खरंच डब्याचं झाकण उघडून दाखवलं.

कवळीने सरांच्या जिभेच्या टोकाला हलकेच स्पर्श केला, जणू म्हणाली, मी काय बोलू?

चार मार्कांची गोष्ट चार मार्कांपुरती असती तर सरांनी ती कधीच निस्तरली असती. पण सहामाहीच्या गुणांवरून बारा मुलं खास गणिताच्या तुकडीत जायची होती. बाराच का? तर त्या खोलीत खुर्च्या बारा होत्या. ज्यांना पुढे यंत्रं, इमारती, पूल असलं काही करायचं आहे त्यांनी त्या तुकडीत नसलं तर पुढचे दरवाजे आपोआप लोटले जात. बाराव्या मुलाला चौऱ्याहत्तर गुण होते. रंगाऱ्याच्या मुलीला एक्काहत्तर, आणि ती तेरावी होती. चार मिळाले की पंचाहत्तर, आणि ती आत.

गुणपत्रकं ऑफिसात गेली होती. बदल करायचा तर गुणदुरुस्तीचा अर्ज भरायचा. अर्ज अगदी साधा. मुलीचा नंबर, जुने गुण, नवे गुण, आणि शेवटी एक रकाना: 'कारण (एका ओळीत)'.

सरांनी अर्ज आणला, सगळं भरलं आणि कारणापाशी अडकले. 'शिक्षकाची चूक' लिहावं तर मुद्दामचं काय? 'चूक मुद्दाम घातली होती' लिहावं तर मोठ्या बाई विचारणार, ज्या एकटीने ती पकडली तिला शून्य आणि ज्यांनी ती पाहिलीच नाही त्यांना चार, हे कुठलं गणित? सरांनी पेन बंद केलं. अर्ज दप्तरात गेला आणि तिथेच राहिला. शेवटची तारीख तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारची होती, आणि शुक्रवार लांब असला की माणसाला तो येणारच नाही असं वाटतं.

इकडे दर आठवड्याला चुकीची गणितं लागू लागली, आणि सरांना कळलं की बरोबर गणित कुणीही घालतो. चुकीचं घालायला अक्कल लागते. चूक फार ढोबळ झाली तर मुलं हसतात, फार बारीक झाली तर आपल्यालाच सापडत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी एक त्रिकोण दिला: कोन तीस, साठ आणि शंभर. मुलांनी अर्ध्या मिनिटात त्याचा निकाल लावला. मग त्यांनी पंचेचाळीस अंशांवरचा सूर्य आणि बारा मीटरचं झाड दिलं आणि सावली दिली शून्य. मागच्या बाकावरच्या एकाने, ज्याने वर्षभरात उत्तरापेक्षा नाव जास्त सुबक लिहिलं होतं, त्याने लिहिलं, 'सर, एकतर झाड नाही, किंवा सावली कुणीतरी उचलून नेली.' सरांनी त्याला पाचपैकी पाच दिले आणि मग बराच वेळ त्याच्या वहीकडे बघत बसले.

खरी पंचाईत अशी की ही युक्ती लागू पडत होती. जी मुलं प्रश्न संपायच्या आत सूत्र लिहायला घेत ती आता पेन्सिल खाली ठेवून प्रश्न दोनदा वाचत. बुरुजाच्या उंचीपेक्षा लहान दोरी कुणी दिली तर भांडायला उठत. हे वाचण्याचं वेड मग वर्गाबाहेर गेलं. मोठ्या बाईंनी सूचनाफलकावर लावलं होतं, 'उद्या सर्व विद्यार्थ्यांनी, गैरहजर असलेल्यांसह, सभागृहात हजर राहावे.' त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं, 'ही पण मुद्दाम का, बाई?'

एकदा सरांच्या हातून फळ्यावर खरीखुरी चूक झाली. साइनच्या जागी टॅन लिहिलं गेलं. एकवीस हात वर गेले. "मुद्दाम, मुद्दाम," सर म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांना वाटलं, या एका शब्दाच्या जोरावर आता निवृत्तीपर्यंत काहीही खपेल.

त्या एकवीस हातांत रंगाऱ्याच्या मुलीचा हात नव्हता. तिच्या वहीत मात्र प्रत्येक चूक सापडलेली असे, बारीक अक्षरात, पानाच्या अगदी कडेला, कुणी पाहिलं तर लगेच खोडता येईल अशी.

"शिडीमावशी, तू का नाही गं बोलत?" शेजारणीने विचारलेलं सरांच्या कानावर आलं.

"मला नाही बाई शिडीची काळजी करायची," ती म्हणाली.

घरी सरांनी सगळी हकिगत बायकोला सांगितली. बायको भाजी निवडत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हे लक्षण चांगलं नव्हतं.

"मुद्दाम?" ती म्हणाली. "अहो, माझ्या बहिणीकडे जाताना चुकीच्या मजल्यावर शिरून परक्यांच्या घरी तासभर बसलात, दोनदा चहा प्यालात, तेही मुद्दाम का?"

"ते लोक चांगले होते."

"होते ना. म्हणूनच त्यांनी विचारलं नाही, तुम्ही कोण म्हणून. ही पोरगी पण चांगली आहे, म्हणून विचारत नाहीये. पण बसलाय तुम्ही चुकीच्या मजल्यावरच."

"आता सगळ्या शाळेत माझं नाव झालंय."

"आणि तिचंही झालंय की. शिडीमावशी. तेही तुम्हीच ठेवलंत," असं म्हणून ती देठं गोळा करून उठली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परतताना सर टपाल कचेरीवरून चालले होते. कचेरीला बाहेरून रंग चालू होता. फूटपाथवर कापड अंथरलेलं, आणि भिंतीला एक लांबलचक शिडी लावलेली. रंगारी नुकताच खाली उतरून ब्रश धूत होता. सर थांबले. त्यांनी शिडीच्या पायापासून भिंतीपर्यंतचं अंतर नजरेने मोजलं.

"फार जवळ लावलीत हो शिडी," सर म्हणाले.

"बरोबर लावली आहे," रंगारी म्हणाला. "चारास एक. चार हात वर जायचं तर एक हात पाय बाहेर. याहून जवळ लावाल तर मागे कलंडाल, लांब लावाल तर पाय सुटतो. तुम्ही काय करता?"

"शिकवतो. गणित."

"अरे वा! आमची मुलगी गणितात फार हुशार हो. म्हणजे होती. आता म्हणते नको." त्याने ब्रश झटकला. "त्या दिवशी घरी येऊन मला विचारते, बाबा, शिडीचा पाय भिंतीपासून वीस फूट लांब ठेवून कुणी वर चढतं का? म्हटलं, एकाच जातीचा माणूस अशी शिडी लावतो."

"कुठल्या?"

"ज्याला स्वतःला चढायचं नसतं."

सर हसले नाहीत. रंगारीही हसला नाही. त्याने हे विनोद म्हणून सांगितलंच नव्हतं.

"खास तुकडीची यादी लागायची आहे," तो म्हणाला. "म्हणते तीन मार्कांनी राहिली. मी म्हटलं, जा की, सरांना विचार. तर म्हणते, विचारलं, बस म्हणाले." त्याने डबा उचलला आणि परत शिडी चढू लागला. चौथ्या पायरीवरून त्याने वळून पाहिलं. "तुम्ही कुठल्या शाळेत शिकवता, सर?"

"इथेच. जवळच," सर म्हणाले आणि रस्ता ओलांडला. पलीकडे त्यांना काहीच काम नव्हतं.

शुक्रवार शेवटी आला. आणि येताना एकटा आला नाही, शिक्षण खात्याच्या तपासनीसांना घेऊन आला. मोठ्या बाईंनी 'मुद्दाम-चूक पद्धती'विषयी वर लिहून कळवलं होतं. तपासनीस मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले, शेजारी मोठ्या बाई, आणि बाईंच्या हातात सही व्हायची राहिलेली खास तुकडीची यादी.

सरांनी फळ्यावर प्रश्न पाचवा लिहिला. शिडी १९ फूट, पाय २० फुटांवर. तीस हात वर गेले. आता ती शिडी सगळ्यांना दिसत होती.

"हात खाली," सर म्हणाले. "यातली चूक मी मुद्दाम घातलेली नाही."

तीस हात खाली आले.

"पेपर काढताना मी चुकलो. तपासताना चुकलो. ती चूक एकाच मुलीने पकडली, तिला मी शून्य दिलं, आणि तुम्हाला हसवायला तिला नाव ठेवलं. आणि ती बरोबर आहे हे कळल्यावर 'मुद्दाम' म्हणालो. ते खोटं होतं."

मोठ्या बाई तपासनीसांकडे झुकून कौतुकाने कुजबुजल्या, "हेही मुद्दाम आहे."

तपासनीसांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं, 'शिक्षक स्वतःच्या चुकीचा अभिनय प्रभावीपणे करतात.'

"अभिनय नाही हो!" सर कळवळून म्हणाले. माणसाने एवढ्या कष्टाने खरं बोलावं आणि त्यालाही टाळ्या पडाव्यात, यासारखी शिक्षा नाही. मुलं तर एकमेकांना कोपरं मारत होती. सर काय भारी करतात! सरांनी चहूकडे पाहिलं. रंगाऱ्याची मुलगी तेवढी टाळी न वाजवता त्यांच्याकडे बघत होती.

मग सरांनी जे केलं ते तीस वर्षांत कुठल्याही वर्गाने पाहिलं नव्हतं. त्यांनी बोटाने तोंडाकडे खूण केली.

"वरची कवळी आहे. पाच आठवडे, नाही, आठ आठवडे झाले. हिच्यामुळे मला एक अक्षर म्हणता येत नाही. साहेब, वीस आणि नऊ किती?"

"एकोणतीस," तपासनीस गोंधळून म्हणाले.

"आता मी म्हणतो, ऐका. एकोणीस."

"एकोणतीस," तपासनीसांनी सुधारलं.

"एकोणीस!" सर जिवाच्या आकांताने ओरडले, आणि या खेपेला 'त' काढायच्या हट्टाने कवळी सुटून थेट त्यांच्या तळहातात आली.

कुणीही हसलं नाही. अभिनयात माणूस रडतो, पडतो, मरतोसुद्धा. पण दात कुणी काढून दाखवत नाही. सरांनी पाठ केली, कवळी जागेवर बसवली आणि पुन्हा वळले. दप्तरातून अर्ज काढला आणि टेबलावर ठेवून, उभ्या उभ्या, शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'चूक माझी.' ओळ अर्धीसुद्धा भरली नाही. तीन आठवडे ती त्यांना पुरत नव्हती.

मोठ्या बाईंनी अर्ज वाचला. मग यादी वाचली. मग सरांकडे बघून त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि सोडला.

"बाकीच्या अठ्ठावीस जणांचं काय करायचं? त्यांनी न वाचताच लिहिलंय."

"त्यांचे राहू द्यात. मीही न वाचताच दिलेत."

"मग बाराव्याला काढायचं?"

बारावा मुलगा दुसऱ्या बाकावर पांढराफटक पडला.

"खुर्च्या किती आहेत त्या खोलीत?" तपासनीसांनी पहिल्यांदाच स्वतःहून प्रश्न विचारला.

"बारा."

"मी आत्ता बसलोय तसलं एखादं बाक तिथे नेता येईल ना? म्हणजे, मी उठल्यावर."

बाईंनी यादीत तेरावा नंबर लिहिला. तपासनीसांनी वहीतली ओळ खोडली आणि तिथे काय लिहावं ते न सुचून पेन तसंच धरून बसले.

"रंगाऱ्याच्या मुली," सर म्हणाले. मग त्यांना वाटलं हेही बरं नाही, आणि त्यांनी तिला तिच्या नावाने हाक मारली. वर्गातल्या निम्म्यांना ते नाव असं पूर्ण पहिल्यांदाच ऐकू आलं. "इकडे ये. हे गणित दुरुस्त कर."

ती फळ्यापाशी आली. तिने डस्टर घेतलं आणि १९ पुसून २९ केलं. वर्ग खूश झाला. सरही खूश झाले. एकोणतीस, वीस, एकवीस. बावीस वर्षांची स्वच्छ शिडी परत भिंतीला टेकली.

पण तिने डस्टर खाली ठेवलं नाही.

"सर, हीसुद्धा चूकच आहे."

"कशी? एकवीसचा वर्ग चारशे एक्केचाळीस..."

"आकडे बरोबर आहेत, सर. पण शिडी घसरेल. वीस फूट लांब पाय ठेवून एकवीस फूट वर कुणी चढतच नाही." तिने २०सुद्धा पुसले, तिथे ७ लिहिले आणि शेजारी भिंत-शिडीचा त्रिकोण काढला. "असं पाहिजे. आता ती अठ्ठावीस फूट आणि वर दोन बोटं चढेल. चारास एक. वर्गमूळ सरळ येत नाही, सर, पण माणूस सरळ चढतो."

सर बघत राहिले. एकोणतीसचा वर्ग, वजा एकोणपन्नास, सातशे ब्याण्णव. वर्गमूळ वेडंवाकडं, दशांशात लांबच लांब जाणारं. बावीस वर्षांत सातशेएक मुलांना त्यांनी त्या स्वच्छ शिडीवर चढवलं होतं, आणि त्यातलं एकही पडलं नव्हतं, कारण एकही खरोखर चढलं नव्हतं. सरांचे डोळे भरून आले. ते फळ्यापुढे जाऊन उभे राहिले, तिने काढलेल्या त्या उभ्या, अरुंद त्रिकोणावर हात ठेवला आणि वर्गाकडे वळले. आता काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. चुकीविषयी, खऱ्याविषयी, माणसाविषयी. शब्द येत होते. त्यांनी उजवा हात छताकडे केला.

"सर," दुसऱ्या बाकावरून बारावा मुलगा म्हणाला, "जरा बाजूला होता का? उतरवून घ्यायचंय, फळा दिसत नाहीये."